प्रोग्राम चालवला, पण आउटपुट दिसंना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरला संध्याकाळच्या बॅचला मी सी आणि पायथन शिकवते. औसा, निलंगा, रेणापूर, अहमदपूर, कुठून कुठून मुलं-मुली येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात लॅपटॉप पहिल्यांदाच आलेला असतो. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य ठरलेलं: "मॅडम, रन केलं, पण काहीच येईना." चार ओळींचा प्रोग्राम असतो, तो बहुतेक वेळा बरोबरही असतो, आणि तरी समोर रिकामी स्क्रीन. त्याच क्षणी काही जण मनात ठरवून टाकतात की हे आपल्याला जमायचं नाही. ते मला बघवत नाही, म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेकांकडे विंडोज आणि व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर आहे, त्यामुळे उत्तरं त्याच अंगानं दिली आहेत. कोडमधले शब्द इथं देवनागरीत आहेत. एडिटरमध्ये ते इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे.

काहीच दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

रिकाम्या स्क्रीनचे तीन वेगवेगळे अर्थ होतात. एक, प्रोग्राम चाललाच नाही. दोन, चालला, पण छापायच्या ओळीपर्यंत पोचला नाही. तीन, छापलं, पण तुम्ही बघताय तिथं नाही. आपल्याला यातलं काय झालंय हे कळेपर्यंत कोडला हात लावू नका. घाबरून इकडची ओळ तिकडे केली की मूळ चूक सापडणं आणखी अवघड होतं.

ओळखायची सोपी रीत अशी: मेनच्या (सीचा प्रोग्राम जिथून सुरू होतो ते फंक्शन) अगदी पहिल्या ओळीला "इथे आलो" छापा, पण ते रोमन अक्षरांत लिहा आणि शेवटी बॅकस्लॅश एन (नव्या ओळीची खूण) द्या. फाइल सेव्ह करून परत चालवा. हे दिसलं आणि पुढचं दिसलं नाही, तर प्रोग्राम मधेच अडकलाय किंवा पडलाय. हेही दिसलं नाही, तर चूक कोडमध्ये नसण्याचीच शक्यता जास्त. पुढचे प्रश्न त्यासाठीच आहेत.

खाली चार-पाच टॅब दिसतात. आउटपुट नेमकं कशात येतं?

माझ्याकडे आलेल्या तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त इथंच मिटतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत प्रॉब्लेम्स, आउटपुट, डीबग कन्सोल आणि टर्मिनल असे टॅब असतात. नावावरून वाटतं की प्रोग्रामचं आउटपुट "आउटपुट"मध्येच येणार. तसं नाही. तो टॅब मुळात एडिटर आणि त्याची एक्स्टेन्शन्स आपले निरोप टाकतात त्यासाठी आहे. तुमचा प्रोग्राम कुठं छापणार, हे तुम्ही तो कशानं चालवला त्यावर ठरतं.

कोड रनर हे एक्स्टेन्शन टाकलं असेल आणि "रन कोड" निवडलं असेल, तर छापलेलं आउटपुट टॅबमध्ये येतं. पायथनच्या एक्स्टेन्शननं "रन पायथन फाइल" केलं, तर टर्मिनलमध्ये येतं. सीचा प्रोग्राम एफ५ दाबून डीबग केला, तर बहुतेक वेळा डीबग कन्सोल समोर उघडतो, त्यात जीडीबी या डीबगरच्या न कळणाऱ्या ओळी भराभर येतात, आणि तुमची "हॅलो"ची ओळ शेजारच्या टर्मिनल टॅबमध्ये शांतपणे पडलेली असते. मुलं डीबग कन्सोलकडं बघत बसतात. एक क्लिक शेजारी करा.

वर उजव्या कोपऱ्यातल्या त्रिकोणी बटणाला शेजारीच एक छोटा बाण असतो. तो दाबून बघा, एकाच बटणामागं दोन-तीन पर्याय असतात आणि शेवटचा वापरलेला पर्याय लक्षात ठेवला जातो. "कालपर्यंत इथं येत होतं, आज येईना" याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

पट्टीच गायब असेल तर कंट्रोल आणि जे दाबा. थेट टर्मिनल हवं असेल तर कंट्रोल आणि एस्केपच्या खालची, टॅबच्या वरची कळ.

प्रोग्राम संख्या विचारतो, पण मला काही टाइपच करता येईना.

तुम्ही आउटपुट टॅबमध्ये टाइप करायचा प्रयत्न करताय. तो फक्त वाचायचा टॅब आहे, तिथं कीबोर्ड चालत नाही. प्रोग्राम बिचारा तुमच्या संख्येची वाट बघत थांबलेला असतो. पुन्हा रन केलं की "कोड इज ऑलरेडी रनिंग" असा निरोप येतो, तो याचमुळं. आधी चालू असलेला प्रोग्राम चौकोनी बटणानं थांबवा. मग सेटिंग्जमध्ये जाऊन कोड रनरच्या खाली "रन इन टर्मिनल" शोधा आणि त्यापुढं खूण करा. कोड रनर टाकल्या टाकल्या ही खूण करून टाकावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

"किती क्विंटल?" हा प्रश्न प्रिंटएफमध्ये लिहिलाय. तो आधी दिसतच नाही. संख्या टाकल्यावर सगळं एकदम येतं. असं का?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं मला नेहमी कौतुक वाटतं, कारण इथून पुढं कॉम्प्युटर आतून कसा चालतो ते उलगडायला लागतं.

आमच्या बॅचला मी सोयाबीनचा हिशोब करायला देते: क्विंटल विचारा, भाव विचारा, पट्टी (हिशोबाची पावती) छापा. प्रिंटएफनं छापलेला मजकूर सरळ स्क्रीनवर जात नाही. तो आधी बफर नावाच्या एका जागेत साठतो. आपल्याकडची काळी-पिवळी जीप आठवा. स्टँडवर उभी असते, एक माणूस बसला म्हणून निघत नाही. भरली की निघते. बफरचंही तसंच आहे. समोर खरं टर्मिनल असेल, तर सीची लायब्ररी गाडी जास्त थांबवत नाही, बॅकस्लॅश एन आला की सहसा सोडते. पण प्रोग्रामचं आउटपुट टर्मिनलऐवजी दुसऱ्या प्रोग्रामकडं किंवा फाइलकडं जात असेल, तर गाडी पूर्ण भरल्याशिवाय किंवा प्रोग्राम संपल्याशिवाय हलत नाही. काही एडिटरांचा आतला कन्सोल हा असा "दुसरा प्रोग्राम" असतो. विंडोजवर एक्लिप्समध्ये सी लिहिणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो, आणि व्हीएस कोडच्या आउटपुट टॅबमध्येही तेच घडतं.

उपाय तीन आहेत. प्रश्न छापल्यावर लगेच एफफ्लश हे फंक्शन बोलवा आणि कंसात एसटीडीआउट (प्रोग्रामच्या आउटपुटची नेहमीची वाट) द्या. म्हणजे ड्रायव्हरला "निघा आता" म्हणणं. किंवा मेनच्या सुरुवातीला एकदाच सेटबफ लिहा, कंसात एसटीडीआउट आणि नल. मग प्रत्येक प्रवाशाला घेऊन गाडी ताबडतोब सुटते. आणि सगळ्यात सोपं म्हणजे प्रोग्राम खऱ्या टर्मिनलमध्येच चालवणं.

पायथनमध्येही हीच गोष्ट आहे. तिथं प्रिंटच्या कंसात शेवटी फ्लश बरोबर ट्रू लिहा, किंवा फाइल चालवताना पायथन या शब्दापुढं वजा यू द्या. मोठ्या लूपमध्ये मधेमधे टाइम स्लीप घातलं असेल आणि सगळे आकडे शेवटी एकदम पडत असतील, तर कारण हेच.

काळी खिडकी उघडते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद होते.

आउटपुट आलं होतं. प्रोग्राम संपला, म्हणून त्याची खिडकीही गेली. फाइल एक्सप्लोररमधून डबल क्लिक करून चालवलेल्या प्रोग्रामचं असंच होतं. आधी टर्मिनल उघडा आणि त्यात प्रोग्रामचं नाव लिहून चालवा. खिडकी तुमची असल्यामुळं ती जात नाही. पॉवरशेल असेल तर नावाच्या आधी टिंब आणि बॅकस्लॅश लागतो, नाहीतर समोर असलेली फाइलही ते ओळखत नाही.

काही ठिकाणी प्रॅक्टिकलला अजून टर्बो सी असतं. बोर्लंड कंपनीनं ते १९८७ साली आणलं, डॉसच्या काळात. माझ्या पहिल्या प्रॅक्टिकलला कॉलेजात तेच होतं. कंट्रोल एफ९ दाबलं की स्क्रीन लुकलुकायची आणि परत निळा एडिटर समोर. तासभर मी तीच पाच ओळींची बेरीज पुसून पुन्हा लिहीत होते. जर्नलवर सही मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या वर्गातल्या एका ताईनं माझ्या कीबोर्डवर ऑल्ट एफ५ दाबलं, आणि काळ्या स्क्रीनवर माझी बेरीज उभी होती, एकाखाली एक पाच-सहा वेळा. प्रत्येक वेळी बरोबर आलेली. तर टर्बो सीवाल्यांनी ऑल्ट एफ५ लक्षात ठेवा. शेवटी गेटसीएच लिहिलं तरी स्क्रीन थांबते, पण ती सवय नव्या एडिटरमध्ये नेऊ नका.

कोड बदलला, तरी जुनंच आउटपुट येतंय. कधी काहीच येत नाही.

वरच्या टॅबवर फाइलच्या नावापुढं फुलीच्या जागी भरीव गोल टिंब दिसतंय का? दिसत असेल तर फाइल सेव्ह झालेली नाही. प्रोग्राम डिस्कवरची फाइल चालवतो, स्क्रीनवरची नाही. काही एक्स्टेन्शन्स चालवण्याआधी आपोआप सेव्ह करतात, काही करत नाहीत, म्हणून भरवसा ठेवू नका. फाइल मेनूतलं ऑटो सेव्ह चालू करा.

आपल्याकडं यात लाइटीची भर पडते. डेस्कटॉपवर काम चाललंय, लाइट गेली, आली. व्हीएस कोड उघडलं तर तुमचा सगळा कोड जसाच्या तसा समोर असतो, आणि वाटतं की वाचलं. व्हीएस कोड न सेव्ह केलेला मजकूर स्वतःकडं वेगळा जपून ठेवतं, तो परत दाखवतं. पण तुमची खरी फाइल अजून जुनीच असते, नवीन असेल तर चक्क रिकामी. रिकामी पायथन फाइल चालवली की ना एरर येते, ना आउटपुट. लाइट आल्यावर पहिलं काम कंट्रोल एस.

सीमध्ये आणखी एक भानगड होते. कंपाइल करताना चूक आली, तर नवी ईएक्सई (प्रत्यक्ष चालणारी फाइल) बनत नाही, पण कालची तिथंच असते. तुम्ही नाव देऊन चालवता ती कालची. "परमिशन डिनाइड" अशी ओळ आली असेल, तर जुना प्रोग्राम मागं अजून चालू आहे, त्यामुळं त्यावर नवी फाइल लिहिता येत नाही. तो बंद करा, मग कंपाइल करा.

"एक्झिटेड विथ कोड ३२२१२२५४७७" असं येतं आणि बाकी काहीच नाही.

हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रोग्रामनं आपली नसलेली मेमरी हाताळली आणि विंडोजनं त्याला तिथंच थांबवलं, असा याचा अर्थ. पहिल्या वर्षाला याचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं: स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधीचं & राहिलं. दुसरं कारण, अॅरे पाच जागांची आणि लूप त्याच्या खूप पुढं गेलेलं.

इथं मुलांचा गोंधळ होतो तो असा, की चुकीच्या ओळीच्या आधी दोन प्रिंटएफ असतात, तीही दिसत नाहीत. मग ते समजतात चूक अगदी सुरुवातीला आहे. नाही. मजकूर गाडीत बसला होता, गाडी सुटायच्या आधीच प्रोग्राम पडला. म्हणून चूक शोधताना प्रिंटएफऐवजी एफप्रिंटएफ वापरा आणि एसटीडीईआरआरवर (चुकांच्या निरोपांची वेगळी वाट) छापा. ती वाट बफरमध्ये थांबत नाही, लगेच दिसते.

कोड शून्य आला असेल तर प्रोग्राम सुखरूप संपला. मग छापायची ओळ एखाद्या इफच्या आत तर अडकली नाही ना, ते पाहा.

पायथनमध्ये एररही नाही आणि आउटपुटही नाही.

डेफ लिहून फंक्शन बनवलं, पण ते बोलवलं का? शंभरातली बरीच प्रकरणं इथंच संपतात. सगळ्यात खाली, डावीकडं चिकटून, फंक्शनचं नाव आणि कंस पाहिजेत. कंस विसरले तरी पायथन तक्रार करत नाही, नुसतं पुढं जातं.

दुसरं: रिटर्न म्हणजे छापणं नव्हे. >>> या खुणेपुढं २ + ३ लिहिलं की ५ दिसतो, कारण तिथं पायथन उत्तर आपणहून दाखवतं. तीच ओळ फाइलमध्ये लिहिली तर हिशोब होतो आणि विरून जातो. फाइलमध्ये प्रिंट लिहावंच लागतं.

तिसरं: नेम आणि मेनची ती नेहमीची इफ. दोन्ही शब्दांच्या दोन्ही बाजूंना अंडरस्कोअर दोन-दोन असतात. मेनच्या बाजूला एकेकच दिला, तर अट कधीच खरी होत नाही आणि सगळा प्रोग्राम न बोलता संपतो. फॉन्ट बारीक असेल तर डोळ्याला कळत नाही. कर्सर बाणाच्या कळीनं सरकवत मोजा.

टर्मिनलमध्ये पायथन लिहिलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं.

विंडोजनं त्या नावाचा एक शॉर्टकट आधीपासून ठेवलेला असतो. एकतर पायथन बसलेलं नाही, किंवा बसलंय पण पाथमध्ये (विंडोज ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधतं त्यांची यादी) नाही. आधी पायथनऐवजी नुसतं पीवाय लिहून बघा, पुष्कळदा चालतं. नाहीतर इन्स्टॉलर पुन्हा चालवा आणि त्यात पाथची चौकट असते, तिच्यावर खूण करा. घाईत सगळे तीच सोडतात. नंतर व्हीएस कोड पूर्ण बंद करून उघडा. उघड्या टर्मिनलला नवा पाथ कळत नाही. "जीसीसी इज नॉट रेकग्नाइज्ड" ही सीच्या कंपायलरची तक्रारही याच घरातली आहे.

टर्मिनलमध्ये >>> दिसतंय आणि रन केलं की सिंटॅक्स एरर येते.

तुम्ही पायथनच्या आत आहात आणि एडिटर तिथं फाइल चालवायचा हुकूम टाकतोय. एक्झिट आणि कंस लिहून बाहेर या. कचऱ्याच्या डब्याच्या खुणेवर दाबून टर्मिनल बंद केलं तरी चालतं.

प्रोग्राम संपतच नाही.

एक तर तो इनपुटची वाट बघतोय, नाहीतर लूप फिरतंय. सीमध्ये व्हाइलच्या कंसानंतर चुकून अर्धविराम पडला, तर रिकामं लूप जन्मभर फिरतं आणि खालची ओळ कधीच येत नाही. फॉरच्या नंतर पडला तर लूप रिकामंच संपतं आणि आतली ओळ एकदाच छापली जाते. कंट्रोल सीनं थांबवा.

मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांची नावं मराठीत छापली, तर प्रश्नचिन्हं आली.

मराठीत छापायची इच्छा सोडू नका, हे आधी सांगते. फाइल यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं साठवायची पद्धत) सेव्ह आहे का ते खालच्या पट्टीत उजवीकडं दिसतं. मग टर्मिनलमध्ये सीएचसीपी लिहून पुढं ६५००१ द्या आणि त्याच टर्मिनलमध्ये प्रोग्राम चालवा. पायथन "कॅरमॅप"ची एरर देत असेल, तर पायथनयूटीएफ८ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा.

एवढं करूनही "छत्रपती संभाजीनगर"मधली वेलांटी आणि जोडाक्षर सुटं सुटं दिसू शकतं. टर्मिनल प्रत्येक अक्षराला मापाच्या चौकोनात बसवतं, देवनागरीची रचना तशी नाही. खात्री करायची असेल तर तीच नावं फाइलमध्ये लिहा, उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगा आणि ती फाइल एडिटरमध्ये उघडा. "धाराशिव", "परभणी", "हिंगोली" नीट दिसली, तर तुमचा प्रोग्राम बरोबर आहे.

एक गंमतीची माहिती: पायथनच्या इंटला "१२" असा देवनागरी आकडा अवतरणात दिला तर तो बारा समजतो. कोडमध्ये उघडा १२ लिहिला तर मात्र एरर. आणि सीच्या स्कॅनएफला देवनागरी आकडे वाचता येत नाहीत. इनपुट देताना कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर हिशोब चुकतो.

नोट्समधून कोड कॉपी केला, तो चालंना.

वर्डमध्ये टाइप केलेल्या नोट्समध्ये अवतरणचिन्हं वाकडी होतात, ती कंपायलरला चालत नाहीत. सीमध्ये "स्ट्रे" म्हणून एरर येते. पीडीएफमधून घेतला तर पायथनची डावीकडची जागाही मोडते. हातानं टाइप करा. जुन्या नोट्समध्ये प्रिंटला कंस नसेल, तर तो पायथन २ चा कोड आहे. त्याचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला.

जावास्क्रिप्टचं कन्सोल लॉग कुठं जातं?

पान ब्राउझरमध्ये उघडलं असेल तर पानावर नाही. एफ१२ दाबून कन्सोल टॅब बघा. एडिटरमध्येच हवं असेल तर नोड (ब्राउझरशिवाय जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) बसवून टर्मिनलमधून चालवा.

तरीही येईना. मॅडम, तुम्हाला काय पाठवू?

मोबाइलनं काढलेला तिरपा फोटो नको, त्यात नेमका खालचा टॅब कापला जातो. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून पूर्ण स्क्रीनचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात वरचं फाइलचं नाव दिसलं पाहिजे. कारण नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली फाइल कधी कधी नावाच्या शेवटी लपलेलं टीएक्सटी घेऊन बसते. खालचा कुठला टॅब उघडा आहे तो दिसला पाहिजे, आणि टर्मिनलमधली शेवटची ओळ. त्या ओळीत पॉवरशेलच्या "पीएस" या अक्षरांच्या अगदी डावीकडं चिकटून एखादा आकडा दिसतोय का, ते पाठवायच्या आधी स्वतः बघा. गेल्या महिन्यात निलंग्याच्या एका मुलीनं दोन दिवस आउटपुट शोधलं. तिच्या सोयाबीनच्या पट्टीची रक्कम तिथंच होती, फक्त शेवटी बॅकस्लॅश एन नव्हता.